लिथियम बॅटरी: कंपनीची काढून बसवायची, की जोडीला?

घोडबंदरकर
गाडी थार, डिझेल, २०२० नंतरची. बॉनेटखाली कंपनीची लेड अ‍ॅसिड बॅटरी आहे, अजून ठणठणीत. वाढवायचं आहे ते असं: ४० लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज, छतावर दोन दिवे, चाकात हवा भरायचा कॉम्प्रेसर आणि पुढे कधीतरी ९५०० पाउंडांचा विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारी मोटर).

वागळे इस्टेटमध्ये विचारलं तर सगळीकडे एकच उत्तर: "जुनी काढा, त्याच जागी शंभर एएचची (अँपिअर-अवर) लिथियम टाका. वजन निम्मं, पाच वर्षं बघायला नको." हे खरंच इतकं सरळ आहे का? विंच त्याच बॅटरीवर चालेल का? आणि जुनी काढायचीच नसेल तर दुसरी बसवायला काय काय लागतं? दुकानांची नावं नकोत, तांत्रिक बोला.

मल्टीमीटर
काढू नका.

दुकानात "लिथियम" म्हणून मिळते ती बहुतेक वेळा एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. ३.२ व्होल्टचे चार सेल एकापुढे एक, म्हणून १२.८. सेल साधारण ५५ ते ६० अंशांवर गेला की आतली बीएमएस (सेलची राखण करणारं सर्किट) चार्जिंग तोडते. मे महिन्यात शिळफाट्याला अर्धा तास रखडून गाडी बंद केलीत की बॉनेटखालची हवा सहज त्याच्या वर जाते, कारण पंखा थांबतो आणि इंजिनाची धग वर चढते. लेड अ‍ॅसिडलाही उष्णता मानवत नाही (दर १० अंशांमागे आयुष्य निम्मं, असा ढोबळ हिशेब), पण ती कुरकुरत का होईना, काम करते. बीएमएस थेट दार लावून घेते.

तुर्भे_स्पार्क
आणि उष्णतेआधी स्टार्टरच मारेल. शंभर एएच म्हणजे साठा किती ते. एका वेळी किती करंट मिळेल, ते बीएमएस ठरवते. शंभर एएचच्या साध्या पॅकमध्ये बीएमएस १०० अँपिअरची असते, काही सेकंदांपुरती २०० ते ३००. डिझेल इंजिनाचा स्टार्टर जागचा हलताना काही क्षण ५००-६०० अँपिअर मागू शकतो. मग होतं असं की किल्ली फिरवली, एक टक आवाज आला, आणि सगळं काळोख. डॅशबोर्ड नाही, आतला दिवासुद्धा नाही. लोक स्टार्टर उतरवायला घेतात आणि स्टार्टर बिचारा निर्दोष असतो.

उलटी बाजू आणखी वाईट. गाडी चालू असताना बीएमएसने बॅटरी तोडली, तर अल्टरनेटरचं (इंजिनावर फिरून वीज बनवतो त्याचं) फील्ड सेकंदाचा काही अंश चालूच राहतं आणि तो करंट जायला जागा नसते. व्होल्टेज उसळतं. हल्लीच्या अल्टरनेटरमधले डायोड ते ३५ व्होल्टच्या आसपास दाबून धरतात. डायोड तसे नसतील तर १०० च्या घरात जाऊ शकतं. गाडीत इसीयू (छोटे कंट्रोल कॉम्प्युटर) किती आहेत ते मोजा. लेड अ‍ॅसिड जोडीला राहिली तर ही उसळी ती गिळते.

चिखलफेक
थोडक्यात, लिथियम म्हणजे मानी जावई. जरा मनाविरुद्ध झालं की ताटावरून उठला.

नेरूळ_४बाय४
@तुर्भे_स्पार्क, हे सरसकट खरं नाही. खास स्टार्टिंगसाठी बनवलेल्या एलएफपी येतात. त्यात सेल जास्त करंटचे असतात, बीएमएस ८०० ते १००० अँपिअर झेलते आणि तसं लेबलवर लिहिलेलं असतं. जिम्नीसारख्या पेट्रोल गाडीत, रेग्युलेटर १४.२ ते १४.४ देत असेल तर ती नीट चालते. "लिथियमने सेल्फ लागत नाही" असं न म्हणता "साठवणुकीची लिथियम स्टार्टरला लावू नका" असं म्हणा.

तुर्भे_स्पार्क
मान्य, वाक्य दुरुस्त करून घेतो. तरी ऑफरोड गाडीत एक हिशेब राहतोच. हिमालयात, काझात किंवा मुनस्यारीत, स्टार्टरची बॅटरी गेली, तर कुठल्याही गॅरेजवाल्याकडे लेड अ‍ॅसिड मिळेल. १००० अँपिअरची एलएफपी मिळणार नाही.

मल्टीमीटर
आता जोडीला बसवायची कशी. पहिली गोष्ट, दोन बॅटऱ्या थेट तारेने जोडू नका, आणि व्होल्टेजवर चालणारा रिलेही नको. तो रिले दोन लेड अ‍ॅसिडसाठी असतो: इंजिन चालू होऊन १३.३ झालं की जोडतो, बंद होऊन १२.८ च्या खाली आलं की तोडतो. भरलेली एलएफपी नुसती बसलेली असतानाच १३.३ दाखवते. म्हणजे रिलेला वाटतं इंजिन चालूच आहे, तो सुटतच नाही, आणि लिथियम रात्रभर पुढच्या बॅटरीला पाजत बसते.

दुसरं कारण अल्टरनेटर. एलएफपीचा अंतर्गत रोध इतका कमी की अर्धी रिकामी असेल तर मिळेल तेवढा करंट ओढते. गायमुखच्या घाटात गाडी रांगेत नुसती गुरगुरत उभी असते, तेव्हा अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो आणि त्याच वेळी त्याच्याकडून पूर्ण करंट मागितला जातो. वाइंडिंग जळतं ते असं.

म्हणून मध्ये डीसी-डीसी चार्जर: पुढून ठरावीक करंटच घेतो आणि मागच्या बॅटरीला हवं ते व्होल्टेज देतो. तुमच्या यादीला ३० अँपिअरचा पुरे. तो एलएफपी प्रोफाइलवर ठेवा: १४.२ ते १४.४ पर्यंत, वर वीस-तीस मिनिटं, मग फ्लोट (भरलेली टिकवून धरायचं व्होल्टेज) १३.५ किंवा बंद. बीएस-६ गाड्यांमध्ये अल्टरनेटरचं व्होल्टेज इसीयू वरखाली करतो, वेग कमी करताना वाढवतो आणि सपाट रस्त्यावर पाडतो. चार्जर ते सांभाळून घेतो.

खारीगाव_लोकल
फ्रिज किती खाईल याचा कुणी हिशेब देईल का? शंभर एएच जास्त तर होत नाही?

मल्टीमीटर
४० लिटरचा फ्रिज चालू असताना ४५ वॉटच्या आसपास, म्हणजे साडेतीन अँपिअर. बाहेर ३५-३८ अंश असेल तर निम्मा वेळ कॉम्प्रेसर चालतो असं धरा. २४ तासांत ४० ते ४२ एएच. एलएफपीमधले ८०-८५ बिनधास्त वापरता येतात, म्हणून इंजिन न लावता दोन दिवस. तेच शंभर एएचच्या लेड अ‍ॅसिडमधून ५० च्या पुढे काढले की तिचं आयुष्य खाताय. परत भरायला ३० अँपिअरने सव्वा-दीड तास, म्हणजे ठाण्याहून माळशेजला पोचेपर्यंत आदल्या दिवसाचा फ्रिज वसूल.

घोडबंदरकर
उत्तम. ६ चौरस मिलिमीटरची वायर घेऊन ठेवली आहे, ४० अँपिअरची म्हणून दिली. चालेल ना?

लग_क्रिम्प
वितळणार नाही, पण कामही करणार नाही. ३० अँपिअरचा चार्जर आत ३० घेत नाही. बाहेर १४.४ गुणिले ३० म्हणजे ४३२ वॉट; कार्यक्षमता ९० टक्के धरली तर आत ४८० वॉट; १३ व्होल्टला ते ३७ अँपिअर होतात. पुढून मागे ५ मीटर, परतीचे ५, एकूण १० मीटर तांबं:

६ चौ. मिमी: १.०८ व्होल्ट गळती
१० चौ. मिमी: ०.६५
१६ चौ. मिमी: ०.४०

६ च्या वायरीत ४० वॉट नुसती वायर तापवण्यात जातात. शिवाय हा चार्जर ठरलेली शक्ती ओढतो: व्होल्टेज पडलं की करंट वाढवतो, करंट वाढला की व्होल्टेज आणखी पडतं, शेवटी तो "इनपुट कमी" म्हणून बंद. दोन मिनिटं चालू, एक मिनिट बंद असं होऊ लागलं की लोक चार्जर बदलून मागतात. १६ घ्या.

लोहार चाळीत वेल्डिंगची केबल मिळते. तिच्या तारा बारीक, वाकायला छान, पण आवरण डिझेल-तेलाला टिकेलच असं नाही. नालीदार स्लीव्हमधूनच न्या, आणि पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट. लग (केबलच्या टोकाची कडी) कथलाचा मुलामा दिलेला तांब्याचा, दाबायचा हायड्रॉलिक क्रिम्परने. हातोडीने ठोकलेला लग बाहेरून घट्ट दिसतो. कापून पाहिलात तर तारांच्या मध्ये पोकळी दिसते. वर गोंदवाली हीटश्रिंक. नवी मुंबईत खाडीच्या हवेत उघडं तांबं एका पावसाळ्यात हिरवं होतं.

नेरूळ_४बाय४
परतीच्या तारेबद्दल एक. निगेटिव्ह टर्मिनलवर छोटी डबी आणि बारीक वायर असलेला सेन्सर असेल, तर परतीची केबल थेट टर्मिनलवर लावू नका. सेन्सरच्या पलीकडे, चासीच्या बाजूला लावा. नाहीतर मागे गेलेला करंट सेन्सरला दिसतच नाही आणि इसीयूचा बॅटरीचा हिशेब चुकत जातो.

चिखलफेक
घरचं बजेट बायकोला न सांगता खर्च केल्यासारखं.

कळवा_काकू
की नवऱ्याने. सेन्सर आमच्याकडेच असतो, चिखलफेक. फ्यूजचं कुणी बोलाल का, की गाडी पेटल्यावर?

लग_क्रिम्प
काकू, बरोबर धरलंत. केबलच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणून फ्यूजही दोन्ही टोकांना. पुढे ६० अँपिअरचा, टर्मिनलपासून एक वीत अंतराच्या आत. बॉडीवर घासून आवरण फाटलं तर फ्यूज आणि बॅटरीमधला तेवढाच तुकडा उघडा राहतो.

मागे, लिथियमच्या तोंडाशी, नुसते अँपिअर बघून फ्यूज घेऊ नका. तो किती मोठा शॉर्ट तोडू शकतो ते बघा. चांगल्या प्रिझमॅटिक (चौकोनी डबीच्या) सेलचा रोध पाव मिलिओहम, चार सेल आणि पट्ट्या मिळून २ मिलिओहम धरा: १३ भागिले ०.००२, म्हणजे ६५०० अँपिअर. बीएमएस मध्ये तोडेल हे खरं, पण तिचे मॉसफेट (करंट तोडणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) जळून शॉर्ट झाले तर मधे फक्त फ्यूज उरतो. ट्रान्सपरंट डबीतला एएनएल फ्यूज ३२ व्होल्टला ६००० अँपिअरपर्यंत तोडतो, टर्मिनलवर बसणारा एमआरबीएफ १४ व्होल्टला १०,०००, क्लास-टी २०,०००. एमआरबीएफ स्वस्त आणि जागा वाचवणारा, १०० अँपिअरचा लावा. कार ऑडिओच्या दुकानातले सोनेरी एएनएल स्टिरिओसाठी ठेवा.

खारीगाव_लोकल
रबाळे-महापेच्या बाजूला पॅक बनवून देणारे बरेच आहेत, भाव ब्रँडेडच्या निम्मा. घ्यावा का?

तुर्भे_स्पार्क
घेता येईल, पण तपासून. आधी वजनकाटा. खऱ्या १०० एएचच्या प्रिझमॅटिक सेलचं वजन दोन किलोच्या आसपास, चार मिळून आठ, डबा-बीएमएससह १० ते १२ किलो. दंडगोल ३२७०० सेल असतील तर एक सेल ६ एएच, १४०-१४५ ग्रॅम. शंभरासाठी १७ गुणिले ४, म्हणजे ६८ सेल, नुसते सेलच साडेनऊ किलो. डबा सहा किलोचा भरला तर लेबलवर काहीही छापलेलं असो, आत शंभर नाहीत.

दंडगोल सेलच्या पॅकमध्ये झाकण उघडून मागा. पट्टी शुद्ध निकेलची आहे की निकेल चढवलेल्या लोखंडाची? तुकडा मागून घ्या, कानशीने ओरखडा काढा, मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी ओरखड्यावर तांबूस गंज दिसला तर लोखंड. त्याचा रोध जास्त, पट्टी तापते. शिवाय खडकाळ वाटेवर स्पॉट वेल्ड सुटतात. एक समांतर सेल सुटला की बाकीचे सोळा त्याचा भार उचलतात, बाहेर काही कळत नाही, फक्त फ्रिज लवकर बंद होऊ लागतो. म्हणून ऑफरोडला चार मोठे प्रिझमॅटिक सेल, बोल्टच्या लवचीक पट्ट्या आणि दोन बाजूंनी घट्ट दाबून धरणाऱ्या प्लेट्स बऱ्या. तिथे बोल्ट टॉर्क पानानेच आवळायचे, एम-६ ला ४ ते ६ न्यूटन-मीटर. अ‍ॅल्युमिनियमचे आटे आहेत, मिस्त्रीच्या मनगटाने गेले तर सेल गेला.

मल्टीमीटर
आणि क्षमतेची घरगुती चाचणी. पॅक पूर्ण भरा, तासभर राहू द्या. हेडलाइटचे ५५ वॉटचे चार हॅलोजन समांतर जोडा, एकूण १८ ते २० अँपिअर होतील. नेमका आकडा डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने घ्या. साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो, तो शून्य दाखवेल. पाच-साडेपाच तास चालले तर शंभर एएच खरे. साडेतीन तासांत मान टाकली तर पॅक परत. बल्ब भयंकर तापतात, फरशीवर ठेवा.

आणखी एक: "१२ व्होल्ट लिथियम" म्हणून एनएमसीचे (निकेल-मँगनीज-कोबाल्ट, लिथियमचाच दुसरा प्रकार) तीन सेलवाले पॅक येतात. ते १२.६ ला पूर्ण भरतात. गाडीच्या १४.४ वर लावले तर जादा चार्ज होऊन पेट घेऊ शकतात. गाडीत एनएमसी नको.

चुनाभट्टी_पार
अवांतर: लेड अ‍ॅसिड १८५९ ची, प्लान्ते नावाच्या फ्रेंच माणसाची. लिथियम आयर्न फॉस्फेटवरचं अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेचं काम १९९७ मध्ये छापून आलं, नोबेल २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी. १६० वर्षांची म्हातारी अजून बॉनेटखाली ठाण मांडून आहे, याचं मला कौतुक वाटतं.

माझं मूळ मत वेगळं आहे. वर्षातून चार वेळा जाणाऱ्याला हा सगळा खटाटोप कशाला? फ्रिजचं व्होल्टेज कट (बॅटरी उतरली की फ्रिज आपोआप बंद करणारं) "हाय" वर ठेवा, रात्री बंद करा, सकाळी गाडी लावली की पुन्हा चालू. फार तर मागे एक एजीएम (बंद डब्याची लेड अ‍ॅसिड). चार्जर, १६ ची केबल, क्लास-टी... फ्रिजपेक्षा फ्रिजचा सरंजाम महाग.

नेरूळ_४बाय४
चार वेळा जाणाऱ्याबद्दल अर्धं पटतं. रात्री फ्रिज बंद ठेवणं चालत असेल तर दुसरी बॅटरीच नको. पण ती घ्यायचीच असेल तर नेमक्या चार वेळा जाणाऱ्यानेच एजीएम घेऊ नये. लेड अ‍ॅसिड अर्धी रिकामी राहिली की प्लेटवर सल्फेट धरतं, आणि पावसाळाभर उभ्या गाडीत तेच होतं. एलएफपीला अर्ध्यावर राहणंच आवडतं. ५०-६० टक्क्यांवर आणून मेन स्विच तोडून ठेवा. मात्र दोन-तीन महिन्यांतून एकदा १४.४ पर्यंत पूर्ण भरा, कारण सेल बरोबरीला आणायचं काम बहुतेक बीएमएस प्रत्येक सेल ३.४ व्होल्टच्या वर गेल्यावरच करतात. कायम ८० टक्क्यांवर थांबवलीत तर सेल हळूहळू एकमेकांपासून फाकतात.

कळवा_काकू
आणि बसवायची कुठे? सीटखाली मोकळी ठेवलेली डबी गाडी कलंडली तर डोक्यात येईल.

लग_क्रिम्प
मागच्या सीटच्या मागे, चाकाच्या कमानीला लागून, जमिनीच्या पातळीपासून जमेल तेवढी वर. थार ६५० मिमी पाण्यातून जाते असं कंपनी सांगते. दारातून पाणी आत आलं तर ते पहिलं फ्लोअरवर साचतं. पट्टा नको, कोनाची चौकट करा. १२ किलोचा डबा दहा पट झटका बसला तर १२० किलोच्या जोराने निघतो. एम-८ चे चार बोल्ट, फ्लोअरच्या खालून ३ मिमीची पट्टी, नुसता वॉशर पत्रा फाडून वर येतो. भोक पाडण्याआधी खाली वाकून बघा: ब्रेकचा पाइप आणि डिझेलची लाइन तिथूनच जातात.

घोडबंदरकर
विंच राहिलाच. त्याला लिथियमवर घेऊ की पुढच्यावर?

तुर्भे_स्पार्क
पुढच्यावर, इंजिन चालू ठेवून. ९५०० पाउंडांचा विंच रिकामा फिरताना ६०-८० अँपिअर घेतो, पूर्ण भाराला ४०० च्या आसपास. तुमची मागची बीएमएस १०० ला तोडते, ती पण गाडी अर्ध्या चढावर दोरावर लटकत असताना. गंमत बघा, ४०० अँपिअरने सलग एक मिनिट ओढलं तरी खर्च पावणेसात एएच. साठा पुरतो, अडतो तो करंट. पुली लावून दोर दुहेरी केला की भार निम्मा होतो, करंटही बराच उतरतो आणि बॅटरीही वाचते. ५० चौ. मिमीची केबल, मेन स्विच हाताला येईल असा, आणि अर्धा मिनिट ओढलं की थांबून मोटरला हात लावून बघा. हवेचा कॉम्प्रेसर ३०-४० अँपिअरचा, तो मात्र मागच्या लिथियमवर खुशाल.

खारीगाव_लोकल
लडाखला ऑक्टोबरात नेली तर?

मल्टीमीटर
शून्याखाली एलएफपी वीज देते, घेताना मात्र आत धातूरूप लिथियम साचतो आणि ते नुकसान भरून येत नाही. बीएमएसमध्ये कमी तापमानाचा कट आहे का ते कागदावर बघून घ्या, बऱ्याच स्वस्त पॅकमध्ये फक्त वरचा असतो. नसेल तर चार्जरच्या इग्निशनच्या वायरीत (तिच्यात वीज आली की चार्जर चालू होतो) एक साधा स्विच टाका. सकाळी हीटर लावून निघा, डबा गाडीच्या आत आहे, तासाभराने डब्याला हात लावून थंडगार लागत नसेल तर स्विच चालू करा.

ती इग्निशनची वायर फ्यूज बॉक्समधून टॅपने घ्या, कंपनीची वायर कापून जोड देऊ नका. आणि ज्या फ्यूजवर घ्याल तो फक्त "ऑन" ला जिवंत हवा. अ‍ॅक्सेसरीचा घेतलात तर गाणी ऐकत बसल्यावर चार्जर पुढची बॅटरी उपसून मागे भरेल.

घोडबंदरकर
६ ची वायर परत केली, दहा टक्के कापले. १६ ची ११ मीटर घेतली, लाल-काळी. फ्यूज एमआरबीएफ. पॅकचा बुधवारी वजनकाटा, मग बल्ब.

चिखलफेक
बल्ब चालू असताना वर चहा ठेवा, साडेपाच तास आहेत.